१९२ गुणिले ४

सांगोल्यातल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं ते मुन्नाच्या मोबाइलमुळं. कुठला तरी फिरता मेसेज त्यानं मोठ्यानं वाचला: "एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आलेले देशातले एकमेव आमदार, सांगोल्याचे गणपतराव देशमुख." अप्पांनी समाधानानं मान डोलावली. वकीलसाहेबांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला. वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला की आम्ही समजतो, आता तासाभराची निश्चिंती.

रविवार होता. जनावरांच्या बाजाराला आलेल्या पिकअप गाड्यांनी रस्ता अडला होता, त्यामुळं तसंही कुणाला कुठं जाता येत नव्हतं.

"देशात एकमेव म्हणू नकोस," वकीलसाहेब म्हणाले. "महाराष्ट्रात म्हण, मी सही करतो. केरळात पाला नावाचा मतदारसंघ आहे. तिथं के. एम. मणी १९६५ ते २०१६ तेरा वेळा निवडून आले. एकदाही पडले नाहीत. पुदुप्पळ्ळीचे ओमन चंडी बारा वेळा, तेही लागोपाठ."

"१९६५ची केरळ विधानसभा भरलीच नव्हती," गुरुजी म्हणाले. गुरुजी गणिताचे, आता निवृत्त. दुसऱ्याच्या आकड्यातली चूक काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

"बरं, मग बारा धरा. अकरापेक्षा जास्तच की."

"आन ते करुणानिधी?" मुन्ना म्हणाला.

"ते तेरा वेळा, पण मतदारसंघ बदलत बदलत. त्यांचा हिशोब वेगळा."

अप्पा इतका वेळ गप्प होते. अप्पा म्हणजे शेकापचा, शेतकरी कामगार पक्षाचा, जुना माणूस. गणपतरावांचाच पक्ष. लाल झेंडा खांद्यावर घेऊन सायकलवर गावं पालथी घातलेला. त्यांनी सावकाश विचारलं, "ते मणी कुठल्या पार्टीचं?"

"केरळ काँग्रेस."

"सत्तेत हुतं?"

"पुष्कळदा. अर्थमंत्री होते."

"आन चंडी?"

"काँग्रेसचे. मुख्यमंत्री झाले पुढं."

"मग झालं की! सत्तेत बसून बारा आन विरोधात बसून अकरा. कुठलं जड, सांगा तुम्हीच."

वकीलसाहेबांनी लगेच आठवण करून दिली की आबासाहेब, म्हणजे गणपतराव, दोनदा मंत्री होते. १९७८ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ला विलासरावांच्या. "दोन्ही मिळून पाच वर्सं बी भरत न्हाईत," अप्पा म्हणाले. हिशोब बरोबर आहे. पुलोद सरकार १९८०च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं आणि विलासरावांच्या सरकारातून शेकाप २००२ला बाहेर पडला. पन्नासच्या वर वर्षांच्या आमदारकीत एवढंच लाल दिव्याचं सुख.

ज्यांना सांगोला फक्त 'काय झाडी, काय डोंगार'मुळं माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. हा सोलापूर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. माण नदी आहे, पण ती बहुतेक वर्षभर वाळूच दाखवते. खिलार बैल, डाळिंब, बोरं. आणि कापूस न पिकणाऱ्या या मुलखात आबासाहेबांनी उभी केलेली शेतकरी सहकारी सूतगिरणी. राज्यात कितीतरी गिरण्यांना कुलपं लागली, ही चालली. अप्पा या गिरणीचं उदाहरण दर पंधरा मिनिटांनी देतात. इथं एकदाच लिहितो.

गुरुजींनी पेपरच्या कोऱ्या कडेवर साल मांडायला घेतली. १९६२, १९६७. मग १९७२ला पराभव. १९७४च्या पोटनिवडणुकीत परत. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ला पराभव. पुढं १९९९, २००४, २००९, २०१४. "मोज," मुन्नाला म्हणाले. अकरा भरले.

"ह्यातलं चौऱ्याहत्तर लोक इसरत्यात," अप्पा म्हणाले. "आन मग धाच का भरत्यात म्हणून डोकं खाजवत्यात."

"ते जाऊ द्या. पडले त्या दोन वेळा बघा," पैलवान म्हणाला. पैलवान आबासाहेबांचे विरोधक शहाजीबापू पाटील यांचा माणूस. तब्येतीनं आता पैलवान राहिलेला नाही, पण नाव पडलं ते पडलं. "किल्ला, किल्ला म्हणता. किल्ला काय असा तीनतीनदा पडतोय व्हय? बाहत्तरला काकासाहेब साळुंख्यांनी पाडला. पंच्याण्णवला आमच्या बापूंनी पाडला. एकोणीसला परत बापूंनी पाडला."

"एकोणीसला आबासाहेब उभं न्हवतं," अप्पा एकदम तडकले. "नातू हुता. ती आबासाहेबांच्या नावावर मांडू नगंस."

"नातू कुणाचा हुता मग?"

इथं थोडा वेळ आवाज चढला. तो सगळा लिहिण्यासारखा नाही. मुद्दा एवढाच की २०१९ला आबासाहेबांनी वयामुळं थांबायचं ठरवलं. पक्षानं आधी दुसऱ्याच कार्यकर्त्याचं नाव जाहीर केलं. सांगोल्यात कार्यकर्त्यांनी ते मान्य केलं नाही, आणि डॉ. अनिकेत देशमुखांचं नाव आलं. घराणेशाहीवर आयुष्यभर टीका केलेला पक्ष, आणि घरातलाच उमेदवार पाहिजे म्हणून हट्ट धरला तो कार्यकर्त्यांनी, घरानं नव्हे. हे मला आजही गमतीचं वाटतं. अप्पांना वाटत नाही. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या नावावर मतं पडली नसती, त्याला कोण काय करणार?"

"हेच तर मी म्हणतोय," पैलवान म्हणाला. "पार्टी न्हवतीच. माणूस हुता."

यावर अप्पांकडं पटकन उत्तर नव्हतं. कारण शेकापचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. २०१४ला राज्यात तीन जागा, सांगोला, अलिबाग आणि पेण. २०१९ला एकच, ती नांदेडकडं लोह्याला. २०२४ला पुन्हा एकच, आणि ती सांगोला.

आता मतांचा फरक. १९९५ला शहाजीबापू काँग्रेसचे उमेदवार होते आणि १९२ मतांनी निवडून आले. एकशे ब्याण्णव. इथल्या एखाद्या वाडीत याहून जास्त मतं असतात. त्या वर्षी राज्यात काँग्रेस सत्तेवरून गेली, युतीचं सरकार आलं, आणि ज्या सांगोल्यानं १९८०च्या इंदिरा लाटेतही काँग्रेसला दाद दिली नव्हती तो नेमका त्याच वर्षी काँग्रेसकडं गेला. २०१९ला बापू शिवसेनेकडून लढले, अनिकेत देशमुखांना त्यांनी ७६८ मतांनी हरवलं. दोघांनाही लाखाच्या थोडी खाली मतं. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत दोन्हीकडची पोरं गुलालाची पोती घेऊन उभी होती आणि कुणाच्यात सुतळी तोडायची हिंमत नव्हती.

गुरुजींनी दोन्ही आकडे पेपरवर एकाखाली एक लिहिले आणि चष्मा वर केला. "एकशे ब्याण्णव चोक किती?"

मुन्नानं मोबाइल काढला. "सातशे अडुसष्ट. आयला!"

"योगायोग आहे," गुरुजी म्हणाले, "पण चोवीस वर्षांत बापूंनी प्रगती केली, चौपट."

पैलवान सोडून सगळे हसले. मग तोही हसला. पण गुरुजींना खरं सांगायचं होतं ते पुढं. "बापूंच्या दोन्ही विजयांची बेरीज नऊशे साठ. हजारसुद्धा नाही. उलट देशमुखांच्या घरात आमदारकी आली तेव्हाचा फरक बघा. २०१४ला आबासाहेब पंचवीस हजारांच्या वर मतांनी आले. २०२४ला बाबासाहेब, दुसरा नातू, तेही पंचवीस हजारांच्या वर. बापू जिंकतात ते काठावर, पडतात ते मैदानात."

"इजय तो इजय," पैलवान म्हणाला. "एक मतानं आला तरी पाच वर्सं आमदारच असतोय. आन त्या पाच वर्सांत काय झालं ते बी सांगा. उजनीच्या पाण्याची उपसा योजना कुणाच्या काळात मंजूर झाली?"

पाण्याचं नाव निघालं आणि चर्चा तासभर तिकडंच राहणार हे ठरलं. सांगोल्यात निवडणूक कुठूनही सुरू करा, ती पाण्यापाशी येतेच. अप्पांचं म्हणणं, पाण्याची लढाई आबासाहेबांची. नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांना ते उभे राहिले, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालं पाहिजे म्हणून दरवर्षी ठराव, मोर्चे. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांची नावं आज पोरांना पाठ आहेत, ती त्या भांडणामुळं. पैलवानाचं म्हणणं, ठरावानं पाणी येत नाही, पंपानं येतं, आणि पंपाला सरकारातला आमदार लागतो. "सरकारात असल्याशिवाय फाइल हलत न्हाय. म्हणून बापू गुवाहाटीला गेलं."

"गुवाहाटीला झाडी बघाय गेलं हुतं," अप्पा.

"बघितली की! आन येताना निधी घेऊन आलं."

२०२२ला बापूंनी गुवाहाटीहून केलेल्या त्या 'काय झाडी'च्या फोनबद्दल बाहेरचे लोक हसतात, रील बनवतात. इथं त्यावर दोन मतं आहेत. एक, तालुक्याचं हसं झालं. दुसरं, सांगोला कुठं आहे हे आख्ख्या महाराष्ट्राला पहिल्यांदा कळलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर तो फोन बापूंना मतदारसंघाबाहेर जितका फळला तितका मतदारसंघात फळला नाही. ज्या भाषेवर पुण्या-मुंबईचे लोक खूश झाले ती आमच्याकडं रोजचीच. तिच्यासाठी वेगळं मत कोण देणार?

वकीलसाहेबांनी आता दुसरा कप मागवला आणि आपली थिअरी मांडली. ती ते दर निवडणुकीला मांडतात. "सांगोला राज्याच्या उलटा चालतो. १९८०ला राज्य काँग्रेसचं, इथं शेकाप. १९९५ला राज्यात युती, इथं काँग्रेस. २०२४ला राज्यात महायुतीचा महापूर, इथं परत शेकाप."

"बाहत्तर?" गुरुजी.

"बाहत्तरला..."

"बाहत्तरला राज्यात काँग्रेसला दोनशेच्या वर जागा, आणि इथंही काँग्रेस. एकोणीसला राज्यात युतीला बहुमत, इथंही युतीचा आमदार. पाच निवडणुकांत दोनदा नियम मोडला तर तो नियम नसतो साहेब. आणि १९९९ला तर आबासाहेब निवडून येऊन थेट सरकारातच बसले."

वकीलसाहेब कोर्टात किती केसेस जिंकतात मला माहीत नाही. कट्ट्यावर त्यांचा गुरुजींपुढं निभाव लागत नाही.

मग जे निघणारच होतं ते निघालं. पैलवान म्हणाला, धनगर समाजाची मतं एकगठ्ठा होती म्हणून आबासाहेब निवडून येत होते, बाकी सगळं सांगायला. अप्पा या एका गोष्टीवर खरंच दुखावतात. त्यांचा समाज वेगळा आहे, आणि त्यांनी हयात या पक्षात घातली. ते म्हणाले, "मतं एकगठ्ठा हुती, न्हाय म्हणत न्हाय. पर ती बाहत्तरला बी तेवढीच हुती आन पंच्याण्णवला बी. मग पडलं कसं? आन निवडून आलं तवा काय निस्त्या एका समाजाच्या मतावर आलं? मी कोण हाय? माझं मत कुठं मोजलं?"

हा प्रश्न पैलवानाला नीट लागला. तो म्हणाला, "अप्पा, तुमचं सोडा."

"माझं सोडून मोजतोस म्हणून तुझं चुकतंय."

मला वाटतं, जातीचं गणित खोटं नाही, पण ते पायाच्या दगडापुरतं. त्यानं उमेदवार स्पर्धेत राहतो. वर इमला चढतो तो दुसऱ्या कशानं तरी. आबासाहेबांच्या बाबतीत तो कशानं चढला, हे अप्पांनी नंतर सहज बोलता बोलता सांगितलं. एसटीत दाराजवळ आमदारांसाठी राखीव सीट असते, वर तसं रंगवलेलं असतं. महाराष्ट्रात ती सीट कुणीही बसायला वापरतं, कारण आमदार एसटीत येत नाही हे कंडक्टरलाही ठाऊक. सांगोल्याच्या गाडीत मात्र म्हातारी माणसं त्या सीटवर बसायच्या आधी फलाटाकडं एकदा बघून घ्यायची. धोतर, टोपी, हातात पिशवी, असा तो माणूस खरंच येऊन उभा राहायचा. अप्पा म्हणाले, "पोरं आज इचारत्यात, ह्यात काय एवढं? आता ज्यानं बघितलंच न्हाय त्याला कसं सांगू?"

मुन्ना म्हणाला, "अप्पा, एसटीनं फिरून टेंभूचं पाणी लवकर आलं असतं का पण?"

त्याचं वय बावीस. त्यानं आबासाहेबांना मत दिलेलं नाही, देता येणंच शक्य नव्हतं. ३० जुलै २०२१ला ते गेले तेव्हा हा कॉलेजात जायच्या तयारीत होता. अप्पांनी त्याच्याकडं रागानं बघितलं नाही. नुसतं बघितलं.

गुरुजींनी पेपर उलटा केला आणि मागच्या बाजूला तीन नावं लिहिली: देशमुख, पाटील, साळुंखे. "हे बघा. या मतदारसंघात घरं तीन. चिकमहूदचे शहाजीबापू. जवळ्याचे साळुंखे, बाहत्तरला काकासाहेब, आता दीपकआबा. आणि देशमुख. पाटील आणि साळुंखे एका बाजूला आले की देशमुख अडचणीत. वेगळे झाले की देशमुख आत. एकोणीसला दीपकआबांचं बळ बापूंच्या मागं होतं, असं तुम्ही सगळेच म्हणता. फरक किती? सातशे अडुसष्ट. चोवीसला दीपकआबा मशाल घेऊन, म्हणजे उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून, स्वतःच उभे राहिले. बाबासाहेबांना एक लाख सोळा हजार, बापूंना नव्वद हजार, दीपकआबांना पन्नास हजार. खालच्या दोघांची बेरीज कर."

"एक लाख चाळीस," मुन्ना म्हणाला.

"झालं. निवडणूक अर्ज माघारीच्या दिवशीच संपली होती."

पैलवानाला हे फार आवडलं. तो म्हणाला, बापू पडलेच नाहीत, मतं फुटली. अप्पा म्हणाले, मशालवाले आणि आम्ही एकाच आघाडीत होतो, जागा आमची होती, ती आम्हाला सोडली नाही, म्हणजे दीपकआबांनी मतं खाल्ली ती आमची. "ती पन्नास हजार बापूंचीच कशावरनं? निम्मी आमची हुती. ती धरली तर फरक पन्नास हजारांचा झाला असता."

आता बघा, तीच पन्नास हजार मतं. पैलवान म्हणतो सगळी बापूंची, अप्पा म्हणतात निम्मी देशमुखांची. दीपकआबांचा एक जरी माणूस कट्ट्यावर असता तर म्हणाला असता, ती आमचीच आहेत, तुम्ही कोण वाटणारे? आणि तो एकटाच खरं बोलला असता.

गुरुजींच्या गणिताला मी एक हरकत घेतली, ती इथंही लिहितो. हे तीन घरांचं गणित २०१९ आणि २०२४ला बरोबर बसतं. पण १९८० घ्या, १९८५ घ्या, १९९० घ्या. तेव्हा साखर कारखाने काँग्रेसकडं, बँका तिच्याकडं, राज्य तिचं. विरोधी मतं फुटण्याची वाट बघत आबासाहेब निवडून आले असं त्या काळाबद्दल म्हणता येत नाही. काठावरचा निकाल, मतविभागणी, कोण कुणाच्या मागं, हे सगळं पहिल्यांदा दिसतं ते १९९५ला, आणि नेहमीचं होतं ते आबासाहेब थांबल्यावर. माझ्या मते सांगोल्याचे दोन इतिहास आहेत. २०१४पर्यंतचा एका माणसाचा, आणि पुढचा बेरीज-वजाबाकीचा. बाबासाहेब पंचवीस हजारांनी आले आणि आजोबाही तितक्यानंच आले होते, म्हणून दोन विजय सारखे म्हणणं म्हणजे नुसतं उत्तर बघून मार्क देणं.

"गणिताच्या शिक्षकालाच सांगतोयस," गुरुजी म्हणाले. पण हरकत खोडली नाही.

अप्पा खूश झाले, पण अर्धेच. कारण माझ्या बोलण्याचा दुसरा अर्थ त्यांच्या लगेच ध्यानात आला. "म्हंजी एकोणतीसला दोघं एक झालं तर आमचं पोरगं पडणार, असंच म्हणतोस नव्हं?"

"पाच वर्षं काम केलं तर नाही पडणार."

"आबासाहेबांनी बी काम केलं हुतं पंच्याण्णवच्या आधी," अप्पा म्हणाले. "तरी एकशे ब्याण्णव कमी पडली."

वकीलसाहेब इतका वेळ गप्प राहून काहीतरी शोधत होते. "तुम्ही एकोणतीसचं कशाला भांडताय? मतदारसंघ तरी हाच राहणार आहे का? मागच्या पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ आपल्यात आलं. आता जनगणना झाली की पुन्हा पुनर्रचना. आणि २०२३ला महिला आरक्षणाचा कायदा झालाय, तो पुनर्रचनेनंतर लागू व्हायचाय. तीनात एक जागा. सांगोल्यावर आरक्षण पडलं तर?"

कट्टा दोन सेकंद शांत झाला. मग पैलवान म्हणाला, आमच्याकडं उमेदवार आहे. अप्पा म्हणाले, आमच्याकडं दोन आहेत. गुरुजी म्हणाले, तिन्ही घरांत सुना आहेत, प्रश्न तो नाही, चौथ्या घरातली कुणी बाई उभी राहील का ते सांगा. सूतगिरणीतली एखादी कामगार, बचत गटातली, डाळिंब पिकवणारी.

"पडंल," पैलवान म्हणाला.

"किती मतांनी?" गुरुजींनी पेन उघडला. मुन्ना म्हणाला, माझी आई उभी केली तर आमच्या गल्लीतली सगळी मतं नक्की. अप्पांनी विचारलं, गल्लीत मतं किती? मुन्नानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि घराघरावरून नवा वाद सुरू झाला, कारण त्याच्या गल्लीतली तीन घरं पैलवानाच्या नात्यात निघाली.